चकव्याचा पक्षी

"भुतं बघायला जपानला कशाला जायचं?" अशी मी आधी बरीच कुरकुर केली. पण मुलगी चित्रकथा काढते आणि तिचं पहिलं पुस्तक आत्याच्या भुतांवर होणार, म्हटल्यावर माझं काय चालणार! आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. ती कुडाळला, आणि आम्ही बँकेच्या बदलीनं जयपूरला येऊन तिथल्या मानसरोवर कॉलनीतलेच झालेलो. मुलीच्या लहानपणी ताई दर रविवारी फोनवर तिला कोकणातली भुतं सांगायची. मागच्या वर्षी ताई गेली.

भुतांच्या पुतळ्यांसाठी नावाजलेल्या त्या जपानी गावात स्टेशनपासूनच रस्त्याच्या दोन्ही कडांना ब्राँझची भुतं. कुणाला एकच डोळा, कुणी नुसतं फडकं. माणसं त्यांची टकली कुरवाळून फोटो काढत होती. एका भुताची पाटी वाचून मुलगी ओरडली, "बाबा, हा वाट चुकवतो! आपला चकवा!" आणि तिनं आपलं चित्र दाखवलं. रानात भांबावलेला माणूस आणि त्याच्यापुढे उडणारा नारिंगी पक्षी.

मला हसू आवरेना. "अगं वेडाबाई, चकवा म्हणजे चक्रवाक पक्षी, तो हिंदीतला! आपला चकवा भूत. दिसत नाही, नुसतं माणसाला त्याच जागी फिरवत ठेवतं."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मतलब... मी आत्याला विचारलं होतं, चकवा म्हणजे पक्षीच ना. ती हो म्हणाली होती."

ताई हो म्हणणारच. भाची मराठीत बोलते, याचंच तिला कोण कौतुक! आम्हीही घरात मराठी बोलतो म्हणून मिरवत राहिलो. पोरीच्या कानावर शब्द मराठी पडत होते आणि अर्थ शाळेतल्या हिंदीचे लागत होते, हे आमच्या गावीही नव्हतं. फार हळहळलो.

"बाकीची तरी मला बरोबर कळली ना?" बाकावर बसून ती एकेक सांगू लागली. पाण्यात ओढणारा गिऱ्हा ठीक होता. मग देवचार आला. गावाची राखण करून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नव्या ठेवतात, इथवर मलाही ठाऊक होतं. पुढे म्हणे जुनी वहाण तो लांब राहणाऱ्या मुलीच्या उशाशी ठेवतो, तिला घरची वाट सापडावी म्हणून.

हे मी कधी ऐकलं नव्हतं. ताईनं तिच्यासाठी रचलं होतं, हिनं भलतंच ऐकलं होतं, की मीच विसरलो होतो? आता विचारणार कुणाला?

"बरोबर ना, बाबा?"

"बरोबर," मी म्हटलं.