भीती वाटून देणारे मल्लेशम मामा

मल्लेशम मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जिन्याखाली बसून तुटलेल्या चपलेचा अंगठा शिवत होते. मी बारावी होऊन सोलापुरात कॉलेजला आले होते आणि आप्पा माझ्यासाठी खोली शोधत होते. जेऊरजवळच्या आमच्या वस्तीवरून आप्पा सोलापूरला क्वचितच आलेले. पूर्व भागातले अरुंद बोळ, घराघरांतून येणारा मागांचा खडखडाट आणि चहूकडून कानावर पडणारी तेलुगू, यानं ते बावरून गेले होते. त्यांनी वरची खोली पाहिली, दाराची कडी पुन्हा पुन्हा लावून पाहिली आणि खाली येऊन म्हणाले, "खोली चांगली हाय. पण पोरीला एकटीला ठेवायची लई भीती वाटती."

मामांनी सुई बाजूला ठेवली. "वाटायचीच असती की. अर्धी मला द्या, अर्धी तुम्ही न्या."

आप्पांना वाटलं, भाड्याचं चाललंय. ते म्हणाले, "न्हाय न्हाय, भाडं समदं मीच देणार."

"भाडं न्हवं हो. भीती."

आप्पा माझ्याकडे बघायला लागले. मला हसू येत होतं, पण मामांचा चेहरा गंभीर होता. पुढे कितीतरी दिवसांनी त्यांनी मला याचा खुलासा केला. मामांच्या घरची भाषा तेलुगू. मराठी ते टॉवेलच्या कारखान्यात, मागांच्या आवाजात ओरडून ओरडून शिकले. "आमच्या तेलुगूत भीती होती," ते म्हणाले. "जसा ताप होतो, तशी होती. ज्याला झाली त्याला झाली. तुमच्या मराठीत भीती वाटती. पहिल्यांदा ऐकलं, तवा मी म्हटलं, लई शहाणी माणसं. प्रसादासारखं वाटून टाकतात."

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, की हे वाटणं वेगळं आणि ते वाटणं वेगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असंल. पण माझं बरं हाय."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मला इंग्रजीच्या तासाला घाम फुटायचा. परीक्षेच्या दिवशी मामा जिन्यापाशी उभे असायचे आणि हात पुढे करायचे. "बिड्डा, इंग्रजीची भीती हितं ठेवून जा. संध्याकाळी ने." बिड्डा म्हणजे लेकरू. संध्याकाळी मी परतले की विचारायचे, "पायजे का परत?" मी नको म्हणायची. "मग राहू दे. अडगळीत टाकतो."

पण मामांचा हा कारभार खरा चालायचा तो फुटबॉलच्या मोसमात. फुटबॉल म्हटलं की लोक कोल्हापूरचं नाव घेतात. सोलापुरात फुटबॉल बघतं कोण, असं आमच्या कॉलेजातही विचारायचे. मामांच्या ओट्यावर बसणारी माणसं बघायची. त्यांच्या गल्लीतल्या पोरांचा एक संघ होता, 'नवा धागा'. मामांना मूलबाळ नव्हतं आणि तरुणपणीही ते कधी खेळले नव्हते, पण त्या संघाचा एकही सामना त्यांनी सोडला नाही. त्यांच्याबरोबर दोघं कायम असायचे. एक अख्तरभाई, टेम्पो चालवणारे, अंगानं आडवे, तोंडानं फटकळ. दुसरे नागेशदादा, मूळचे अक्कलकोटकडचे, कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान असलेले.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा 'नवा धागा' पहिल्यांदाच बाद फेरीत पोचला. आता कोण समोर येणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं. त्या संध्याकाळी ओट्यावर कडक चहा आला आणि भीतीची वाटणी सुरू झाली. मामांचा नियम साधा होता. समोर येऊ शकणारा प्रत्येक संघ कुणाच्या तरी वाट्याला द्यायचा. ज्याच्या वाट्याला जो आला, त्यानं त्याची नीट भीती बाळगायची, त्याचे खेळाडू बघून यायचे, तो आपल्याला कसा हरवेल ते ओट्यावर येऊन सांगायचं. बाकीच्यांनी त्या संघापुरतं निवांत झोपायचं.

"रेल्वे लाईनवाले नागेशकडं," मामा म्हणाले. "उंच पोरं हायत. हेडर मारतात. अख्तर, तुझ्याकडं लष्कर भागातली टीम."

"मेरेकू नक्को," अख्तरभाई म्हणाले. "हर साल मेरेकूच लष्कर. उनो खेलते कम, झगडते जास्ती. उनका क्या डर? मेरेकू लाईनवाले देओ."

नागेशदादा म्हणाले, "अख्तरभाई, तुमचा मेव्हणाच लष्करात राहतो की. तुमच्याएवढी भीती दुसऱ्या कुणाला जमणार?"

"हौ, मेव्हणे का डर अलग हैना. उसमें फुटबॉल का क्या संबंध?"

शेवटी लष्कर अख्तरभाईंकडेच राहिलं. कॉलेजच्या पोरांचा संघ मामांनी स्वतःकडे घेतला. "रोज सकाळी पळतात ते. दम लई हाय. ही भीती जड हाय, ही मी ठेवतो." मग त्यांनी वर पाहिलं. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. "बिड्डा, अक्कलकोटकडची ती नवी टीम तुझ्याकडं."

"मामा, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही."

"मग तर बरं. कळणाऱ्याला त्यांची भीती न्हायच वाटत."

मी मनापासून अभ्यास करणारी मुलगी. दिलेलं काम टाकायचं मला जमत नाही. नागेशदादांबरोबर जाऊन मी त्या संघाचा एक सामना पाहिला आणि ओट्यावर येऊन सांगितलं, की ते आपसात अजिबात बोलत नाहीत. आपली पोरं ओरडून बॉल मागतात, ते मागतच नाहीत, तरी बॉल बरोबर जातो. अख्तरभाई म्हणाले, "गूंगे हैं क्या?" मामांनी त्यांना गप्प केलं. "पोरगी नीट भ्यायला लागली. बोलू दे."

चिठ्ठीत पहिला सामना लष्करशी निघाला. अख्तरभाईंनी आदले दोन दिवस जेवण टाकलं, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. 'नवा धागा' एका गोलनं जिंकला. मामांनी अख्तरभाईंच्या पाठीवर थाप मारली, जणू गोल त्यांनीच केला होता. "माणूस मनापासून भ्याला, म्हणून जिंकलो."

उपांत्य सामन्याला अजून आठवडाभर होता. त्या मधल्या दिवसांत मामा एका संध्याकाळी ओट्यावर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, चहा घेतला आणि कारखान्यातली एखादी बातमी सांगावी तसं सांगितलं, की छातीत दुखत होतं म्हणून दवाखान्यात गेलो होतो, नळ्या तुंबल्यात, बायपास करायचं म्हणतात. शुक्रवारी. मग लगेच म्हणाले, "रविवारी आपली मॅच अक्कलकोटवाल्यांशी. बिड्डा, काय बघितलं सांग."

अख्तरभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मामू, इसका डर किसके पास?"

"ती घरची गोष्ट हाय. वाटायची न्हवं."

"कायकू? लाईनवालों का डर बाटते, ये नक्को?"

"अख्तर, मॅचचं बोल."

तेवढ्यात आतून मामी बाहेर आल्या. त्या दिवसभर दारामागे बसून विड्या वळायच्या. इतक्या दिवसांत मी त्यांना ओट्यावर बसलेलं पाहिलं नव्हतं. विडीच्या पानांचं सूप तसंच मांडीवर घेऊन त्या आमच्यात बसल्या आणि नवऱ्याकडे न बघता आम्हाला म्हणाल्या, "हा माणूस साऱ्या गावाला भीती वाटतंय, आणि आपली उशीखाली घालून झोपतंय. झोपत बी न्हाय. मी बघते की. तुम्ही घेताव का न्हाय सांगा, न्हायतर सगळी मलाच होती."

मामांनी मान खाली घातली. वाटणी मामींनीच केली. भूल नीट उतरेल की नाही, ही भीती अख्तरभाईंनी घेतली. "मैं ऐसे बी कम सोता," ते म्हणाले. रक्ताची नागेशदादांनी घेतली आणि तिथूनच माणसांना फोन लावायला सुरुवात केली. ऑपरेशनचं दार बंद झाल्यावर आत काय चाललंय, ती मामींनी स्वतःकडे ठेवली. मग त्या मामांना तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. मामा सुपातलं एक पान उचलून बोटांनी सरळ करायला लागले.

"अजून एक हाय," ते म्हणाले. "हसू नका."

"आम्ही कुठं हसलो?" नागेशदादा म्हणाले.

"आमचे चुलते मिलमधी होते. मराठी असं बोलायचे, की बाजारात कळायचं न्हाय हे तेलुगू हायत म्हणून. डोक्याचा झटका आला. वाचले, उठून बसले, पण मराठी गेलेलं. सगळं. तेलुगू तेवढं राहिलं. त्यांचे दोस्त दारात येऊन बसायचे, हे नुसते बघायचे. ते काय बोलतात यांना कळंना, हे काय बोलतात त्यांना कळंना. मग दोस्त यायचे बंद झाले." त्यांनी पान परत सुपात ठेवलं. "मेलो तर मेलो. पण उठलो, आणि मराठी न्हाय राहिलं, तर मी तुमच्याशी बोलू कसा?"

मी म्हटलं, "मामा, ते डोक्याचं होतं. हे हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांना विचारा हवं तर."

"डॉक्टर हृदय बघतंय. मराठी कुटं ठेवलंय, ते त्याला काय म्हाईत?"

मी म्हटलं, "मग ही मला द्या."

त्या संध्याकाळपासून मी मामींच्या शेजारी बसून तेलुगू शिकायला लागले. पुस्तक नव्हतं, वेळही नव्हता. मामी पान कापता कापता शब्द सांगायच्या, मी मागून म्हणायची. पाणी म्हणजे नीळ्ळु. कसं आहे, एट्ल उन्नरु. थोडं थांबा, कोंचेम् आगंडि. माझ्या उच्चारांना शेजारच्या बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या. अख्तरभाईंना कळलं तेव्हा त्यांनीही एक वाक्य मागून घेतलं. "एवरिकि भयपडाले?" कुणाला भ्यायचं? टेम्पो चालवताना ते हेच वाक्य घोकत असायचे. एकदा सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं तेलुगूतच उत्तर दिलं, म्हणे, तुझ्या टेम्पोला.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. आम्ही सगळे दवाखान्याच्या बाकावर होतो, आपापली भीती घेऊन. आप्पा जेऊरहून पहाटेच्या गाडीनं आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मी फोनवर सांगितलं होतं एवढंच. ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "त्या मानसानं माझी अर्धी घेतली हुती. म्या कसा घरी बसू?"

डॉक्टरांनी सगळं ठीक झाल्याचं सांगितलं, पण मामा लगेच शुद्धीवर येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी घशातली नळी काढल्यावर एकेकाला आत सोडत होते. मामी जाऊन आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "हाक मारली मला." कुठल्या भाषेत, हे मी विचारलं नाही. मामींना ते तेलुगूतच हाक मारायचे.

मग मी गेले. मामा खूप लहान दिसत होते. छातीवर पट्ट्या, ओठ कोरडे. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नीळ्ळु."

मला वाटलं, गेलं. बोलणं, ओटा, सगळं गेलं. पण आता घाबरायची पाळी माझी होती आणि ते काम मी नीट शिकले होते. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "कोंचेम् आगंडि मामा. इप्पुडु इय्यरु." थोडं थांबा, आत्ता पाणी देणार नाहीत.

मामांच्या ओठाची एक कड हलली.

"बिड्डा," ते म्हणाले, "उच्चार लई वाईट हाय."

मी तिथेच रडायला लागले. नर्स धावत आली. तिला वाटलं, पेशंटला काही झालं.

रविवारी 'नवा धागा' हरला. अक्कलकोटकडच्या त्या न बोलणाऱ्या पोरांनी तीन गोल मारले. सोमवारी मामांना जनरल वॉर्डात आणलं, तेव्हा अख्तरभाई ही बातमी कशी सांगावी म्हणून दारातच घुटमळत होते. शेवटी मी सांगितलं.

"ती तुझ्याकडं होती की," मामा म्हणाले.

"मी तेलुगू शिकत होते."

त्यांना हसू आलं आणि हसताना दुखायचं म्हणून ते छातीशी उशी घट्ट धरून हसत राहिले. अख्तरभाई म्हणाले, "हसो मत मामू, टाका टूटेगा," आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसले.

मी पदवीधर झाले, याच शहरात एका कार्यालयात नोकरीला लागले आणि पुढे लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. मामा त्यानंतर बरीच वर्षं ओट्यावर बसले. कामावर विणकर वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका खिडकीशी येऊन अडखळायला लागल्या, की मी तेलुगूत बोलायची. त्या आधी दचकायच्या, मग हसायच्या आणि मग आपलं खरं काम सांगायच्या. मी हे मामांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "बघ. नुसती भीती घेतलीस, भाषा फुकट मिळाली."

गेल्या वर्षी मामा गेले. झोपेतच. मी पोचले तेव्हा बायका उठून जात होत्या आणि मामी दारामागच्या आपल्या जागेवर बसल्या होत्या. इतकी वर्षं त्या माझ्याशी तेलुगूत बोलायच्या त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मला कळावं म्हणून. त्या दिवशी तसं झालं नाही. त्यांनी माझा हात धरला आणि त्या भराभर बोलायला लागल्या, जशा आपल्या बहिणीशी बोलल्या असत्या. आदल्या संध्याकाळचं, जेवणाचं, सकाळी हाक मारल्याचं. मधले काही शब्द मला कळले नाहीत. मी विचारलं नाही. मला त्यांना थांबवायचं नव्हतं.