रामा नंबर चार

"रामा, आधी कुत्र्याला पाणी दे. मग माझा सोडा आण."

हे मला मराठीत सांगितलं होतं. बडोद्यातल्या त्या क्लबात मराठी बोलणारे साहेब तीन-चारच, त्यातले हे सोडा मागवणारे सगळ्यांत जुने. पणजोबा संस्थानात सरदार होते, हे दर रविवारी ऐकवायचे. सुरुवातीला मला बरं वाटलं होतं, आपल्या भाषेतला माणूस भेटला म्हणून. कसलं बरं न् काय. आपल्या भाषेतला अपमान जास्त झोंबतो, एवढंच कळलं.

माझं नाव रामा नाही.

क्लब गोऱ्या साहेबांनी स्वतःसाठी बांधलेला. तेव्हा कुण्या मडमेला वेटरांची नावं घ्यायचा कंटाळा आला आणि तिने सगळ्यांनाच रामा करून टाकलं, असं म्हणतात. साहेब गेला, पण टोपी खुंटीवर ठेवून गेला. आपल्याच लोकांनी ती काढून घातली. पितळी बिल्लेही तेच राहिले. पहिल्या दिवशी मॅनेजरने माझ्या छातीवर 'रामा ४' लावला. मी नाव सांगायला गेलो तर म्हणाला, "अहीं बधा रामा ज छे." इथं सगळे रामाच. पोटासाठी मी मुंडी हलवली. अकरा वर्षं हलवत राहिलो.

मधल्या हॉलमध्ये शर्यतीचे चांदीचे कप मांडलेले. दर सोमवारी ते मी पुसायचो. त्यांवर घोड्यांची नावं कोरलीत. कधीच मरून गेलेल्या घोड्यांची. मला ती सगळी पाठ आहेत.

माझा बाप जळगावकडून येऊन इथं रेल्वेत खलाशी झाला. हजेरीला मुकादम नुसतं "ए काळ्या" म्हणाला तर बाप ओ द्यायचा नाही. पूर्ण नाव घेतलं की मगच "हजर". त्यापायी खाडे लागले, तरी त्याने हेका सोडला नाही. त्याला मी बिल्ल्याचं कधी सांगितलं नाही. लाज वाटायची.

एका सोमवारी बापाच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी सरकारी दवाखान्यात नेलं. तो सारखा माझंच नाव घेत होता. ड्युटीवर आमचे मोबाइल कपाटात बंद, म्हणून बायको रिक्षा करून क्लबच्या फाटकावर आली. माझं नाव सांगितलं, आडनावासकट. वॉचमन नवा होता. त्याने बिचाऱ्याने रजिस्टर उघडून नीट पाहिलं. त्यात रामा एक ते रामा नऊ. "एवुं कोई नथी अहीं, बेन," तो म्हणाला. असं कुणी नाही इथं. ती हातापाया पडली. मग रडत परत गेली. मी तेव्हा पन्नास पावलांवर घोड्यांची नावं घासत होतो.

संध्याकाळी मोबाइल हातात आला तेव्हा बाप गेलेला होता.

पंधरा दिवसांनी कामावर गेलो. त्याच मराठी साहेबांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि हसले.

"काय रे रामा, चमनगोटा केलास?"

त्यांनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा ग्लासावर चमचा वाजवला. "बहिरा झालास का?"

अंगाचा तिळपापड झाला. मी बिल्ला काढला आणि त्यांच्या सोड्यात टाकला.

"हा तुमचा रामा. घ्या."

साहेब लालेलाल. मॅनेजरकडे तक्रार करायची होती ना. पण तेव्हाही त्यांनी नाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "नंबर किती तुझा?"

नोकरी त्याच दिवशी गेली. आता सयाजीगंजात एका खानावळीत वाढतो. सोमवारी सुट्टी घेतो. त्या दिवशी क्लबच्या फाटकासमोर रस्त्यावर उभा राहतो आणि माझ्याबरोबरच्या आठ जणांना एकेक करून हाक मारतो. पूर्ण नावाने, बापाच्या नावासकट, आतल्या खुर्च्यांपर्यंत जाईल एवढ्या आवाजात. वॉचमन हाकलतो. मी पलीकडे जातो आणि पुन्हा सुरू करतो. पहिल्या सोमवारी कुणी ओ दिली नाही. गेल्या सोमवारी तिघं म्हणाले, "हजर." आठही जण म्हणेपर्यंत मी येणार.

माझं नाव इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. साहेबांना हवं असेल तर त्यांनी फाटकावर यावं. माझ्यासमोर उभं राहून विचारावं.