पोतारलेली भिंत

दर सहा महिन्यांनी हिवताप खात्याचा फवारणीवाला आमच्या इतवारीतल्या गल्लीत डीडीटी मारायला यायचा. अंगात खाकी सदरा, खांद्यावर पंप आणि तोंडावर नुसता घरचा रुमाल. भिंतीवर वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरानं पट्टे ओढायचा. मधूनच थांबून भिंतीला हात टेकायचा आणि खोकायचा.

एकदा फवारणीच्या संध्याकाळीच आमचं मांजर तडफडून मेलं. पुढच्या खेपेला मी त्याला दारातच अडवलं. "डासांच्या नावाखाली विष पसरवता! लाज नाही वाटत?"

तो माझ्या बाजूनं सरळ आत शिरला. मागच्या फवारणीचा वास सहन होईना म्हणून आईनं दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या होत्या. त्यानं नखानं थोडी माती खरवडली. खाली त्याचाच पट्टा निघाला. त्यानं पंप धाडकन जमिनीवर ठेवला.

"मांजराचं मलेही वाईट वाटते, भाऊ. पण या गल्लीत घरोघरी हिवताप होता, थे विसरले का? मी औषध मारतो, तुम्ही त्यावर पोतारता काहून? डास मातीवर बसते अन् जिताच राहते. विष तेवढं मी एकटा खाऊन राहिलो."

त्याला साधा मास्कही न देणाऱ्या खात्यातल्या साहेबांचा मला आजही संताप येतो. पण त्याहून जास्त स्वतःचा येतो. त्या औषधाचा फायदा-तोटा तोलताना मी एका पारड्यात ताप ठेवला होता आणि दुसऱ्यात मांजर. समोर उभा राहून खोकणारा माणूस मी कुठल्याच पारड्यात ठेवला नव्हता.