खळ्यावर लागलेली होडी

भुताखेतांवर, करणी-भानामतीवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. मी लष्करात ड्रायव्हर होतो. गाडी बंद पडली की आधी पेट्रोल बघायचं, नजर लागली का ते नंतर — असा माझा स्वभाव. तरी हा एक अनुभव लिहून टाकतो... हसायचं तर खुशाल हसा.

लढाई संपून मी आष्ट्याला परत आलो, त्याच्या पुढच्या चैत्रातली गोष्ट. घरच्यांना घेऊन रत्नागिरीच्या बाजूला जायचं आणि समुद्रात मासे धरायचे, असं मी ठरवलं होतं. वहीत दोन तुकड्याही पाडल्या होत्या — आबा आणि आई किनाऱ्यावरून गळ टाकणार, मी आणि बायको होडीतून. गळ, दोऱ्या, भाकऱ्या, चटणी, सगळं लिहून झालं होतं. अडलं होतं फक्त बायकोपाशी.

"म्या न्हाई त्या पाण्यात बसायची," सोना म्हणाली. "त्यानं तुमास्नी चार वर्सं पल्याड ठेवून घेतलं. तुमच्या एका कागदासाठी म्या दोन-दोन म्हयनं वाट बगायची. त्याचं तोंड बी बगायचं न्हाई मला."

तिच्याशिवाय तर मला जायचं नव्हतं. म्हटलं, आधी कोरड्यावर प्रॅक्टिस करू, म्हणजे भीती मोडेल.

आमचं खळं गावाबाहेर. दुपारचे चार वाजले होते, ऊन रणरणतं. बैलगाडीचे बैल सोडून लिंबाखाली बांधले, गाडीचं जू दगडावर टेकवलं, चाकांना पुढून-मागून धोंडे लावले. चौघं गाडीत बसलो. सोनाच्या हातात गळाची काठी दिली.

"ही होडी," मी म्हणालो. "आता कुनी उठायचं न्हाई."

जरा वेळ गेला... आणि आबा म्हणाले, "बैलं जुपलीस व्हय रं?"

बैल लिंबाखाली रवंथ करत होते. पण गाडी वर जात होती... खाली येत होती... परत वर! खाली वाकून पाहिलं — चाकं जागच्या जागी, धोंडेही हललेले नाहीत. तेवढ्यात आबांनी कडेला तोंड काढून दुपारचं जेवण बाहेर काढलं. पाठोपाठ मी. जहाजातून इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला गडी मी! आई तांब्या पोटाशी धरून, "आरं, थांबीव की ही!" म्हणून ओरडत होती. सोना तेवढी ताठ बसून समोरच्या उसाकडं बघत होती.

एवढ्यात शेजारचे मगदूमअण्णा बांधावरून आले. जैन माणूस, मासळीचं नाव काढलं तरी कान झाकणारे.

"कोरड्या गाडीत वकताय व्हय? काय खुळी का काय तुमी?" म्हणत ते दाखवायला म्हणून वर चढले. बसले मात्र, आणि माझ्या गळ्यालाच मिठी मारली. "धर रं गड्या, धर! मला पवायला येत न्हाई!"

मग एकाएकी सगळं थांबलं. आम्ही उड्या मारूनच उतरलो. अण्णा धोतर झटकत, कुणाला सांगू नका म्हणत, तडक घरी गेले.

संध्याकाळी गाडी जुंपायला बैल आणले, तर ते जुवाखाली येईनात. दोघंही चाकं चाटत उभे. मी बोट फिरवून चाखलं... खारट! लाकडावर पांढरं मीठ धरलेलं. जमीन खारवट म्हणावी, तर हातभर अंतरावर ऊस पुरुषभर उभा. आणि गाडी हलली कशानं? अण्णांनाही ती हलताना कशी जाणवली? मास्तरांना विचारलं, वैद्यांना विचारलं. दोघांनीही मला उन्हात फिरू नको म्हणून सांगितलं.

त्या रात्री जेवताना सोना आपणहून म्हणाली, "कवा निगायचं?"

आठवड्यानं निघालो. किनाऱ्यावर आबा-आईंना बसवून आम्ही होडीत चढलो. लाटा मोठ्या होत्या. सोनानं काठावर हात टेकला आणि निवांत गळ सोडला. होडीवाला चकित झाला. "वहिनी, दर्या पहिल्यांदाच बघताय ना? भीती नाही वाटत?"

"भ्या कशाचं?" सोना म्हणाली. "आमच्या खळ्यावर येऊन गेलाय की त्यो."

होडीवाला माझ्याकडं बघायला लागला. मी मान खाली घालून गळाला आमिष लावत राहिलो. इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी गाडी कशानं हलली, ते मला स्वतःलाच अजून कळलेलं नाही.