गणपतीत उघडून दाखवलेली झडप

आपल्या बेडोकच्या ब्लॉकमध्ये प्रबोध राहायचा, तुआसच्या गोदीत जहाजांच्या पंपांवर काम करणारा. माणूस अबोल, पण हात कसे, सारखे काहीतरी जुळवत असायचे. जहाजात तेल भरताना नळी ओढली जाऊन निसटते आणि तेल समुद्रात सांडतं, हे त्याच्या डोक्यात कित्येक वर्षं घुमत होतं. मग त्याने नळीला बसणारा एक जोड बनवला. नळी निसटली की आतली झडप आपोआप मिटायची, दोन्हीकडून.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मनोहरकाकांनी देखावा घेतला, शंकराच्या जटेतून गंगा. मनोहरकाका म्हणजे बँकेतून रिटायर झालेले, देखावा म्हटलं की अंगात येणारे. गर्दीत कोणाचा ना कोणाचा पाय पाण्याच्या नळीत अडकायचा नि हॉलभर पाणी. तेव्हा प्रबोधने आपला जोड आणून बसवला. एक थेंब सांडेना! बरं, थेंब म्हणजे, जराजरा ठिबकायचं, पण पूर नाही. आरती झाली की लोक भोवती जमायचे, आणि हा अबोल माणूस जोड उघडून, स्प्रिंग काढून, सगळ्यांना कौतुकाने समजावून सांगायचा.

पुढे ठिबकणं थांबावं म्हणून त्याने आत एक वेगळी रिंग घातली. मग तुआसचे साहेब म्हणाले, युरोपातली जहाजं हे घेतील, पेटंट घे. शहरात तांजोंग पगारला मिस टॅन म्हणून वकीलबाई होत्या. त्यांनी सांगितलं, म्युनिकला, युरोपच्या पेटंट कचेरीत, एकच अर्ज करायचा, मंजूर झाला की जर्मनी, हॉलंड, डेन्मार्क, जो देश हवा तिथे पुन्हा नोंदवायचं, कुठे कुठे तर त्यांच्या भाषेत तर्जुमाही करून द्यायचा. प्रबोध हरखून ऐकत होता. शेवटी बाईंनी सहज विचारलं, अर्जाआधी हे कुठे चारचौघांत दाखवलंय का? दाखवलं असेल तर युरोपात ते नवीन धरत नाहीत, मग दाखवणारे तुम्ही स्वतः का असेना.

प्रबोधला आरतीनंतर भोवती जमणारे लोक आठवले. आठवून सांगतो म्हणाला नि घरी आला.

बायको, कादंबरी, म्हणाली, "म्युनिकच्या साहेबाला बेडोकचा गणपती कुठून दिसणार? गप्प बस."

त्यालाही ते पटलं. तरी मन लागेना, म्हणून मनोहरकाकांकडे गेला. काकांनी चहा टाकला, सगळं ऐकलं आणि पटकन म्हणाले, "एवढंच ना? मी सांगतो सगळ्यांना. कोणी काही पाहिलं नाही. नुसतं पाणी होतं."

काकांना वाटलं पोरगा खूश होईल. पण ते इतक्या सहज तयार झाले, तिथेच प्रबोधला कसंतरी झालं. आता काका एकेकाला फोन करणार, आणि ज्यांनी मान डोलावून ऐकलं ते सगळे आपल्यासाठी खोटं बोलणार, तेही गणपतीबद्दल. चहा तसाच राहिला. म्हणाला, "नको काका. कोणाला काही सांगू नका."

दुसऱ्या दिवशी त्याने मिस टॅनना सगळं सांगितलं. बाईंनी ते टिपून घेतलं. मग म्हणाल्या, झडप तर गेली, ती आता कोणीही बनवू शकतो. पण त्यानंतर काही नवीन केलंत का, जे कोणी पाहिलं नाही? तेव्हा त्या रिंगचा विषय निघाला. तेवढ्याचा अर्ज करून बघू, बाई म्हणाल्या, मिळेलच असं नाही.

अर्जात आधी लिहावं लागतं म्हणे, जगाला अगोदर काय ठाऊक होतं ते. तिथे बाईंनी प्रबोधचाच जोड लिहिला, गणेशोत्सवात दाखवलेला म्हणून. आपलीच वस्तू परक्याची असल्यासारखी तिथे बघून तो ते पान पुन्हा पुन्हा वाचत राहिला. कादंबरी शेजारीच होती, तिला वाटलं आता हा अर्ज मागे घेतो.

त्याने बाईंकडे पेन मागितलं. म्हणाला, "तो जोड ठिबकायचा, म्हणून तर रिंग घातली. हे राहिलं लिहायचं."