बेटावरचा चंडोल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे अख्ख्या शहागडला ठाऊक आहे.

दामू माझा चुलत भाऊ. माझ्या पोराच्या सोयरिकीला पाहुणे बसलेले असताना, बशीतला चहा फुंकत तो म्हणाला, “पोरगं बराबर हाये. बापाचं डोकं तेवढं तपासून घ्या.” सगळे हसले. मीही हसलो—दुसरं काय करणार? पाहुणे गेले ते गेलेच. तेव्हापासून मी दामूवर टपून होतो.

मग पाखरांची पाहणी करणारी मंडळी आली. म्हणाली, वाळूत अंडी घालणारा, गात गात वर चढणारा हा चंडोल नदीत बाकी सगळीकडं संपला. तुमच्या बेटावर तेवढा उरलाय. घरटी कोण दाखवतं? मी दुर्बीण उलटी धरून पुढं झालो! पण घरटी मला खरंच माहीत होती—बेटाच्या खालच्या टोकाला, गोट्यांच्या आडोशाला. वरच्या टोकाला गोदावरीचं पाणी उतरलं की दामू टरबुजाची वाडी लावायचा. आज्यापासूनची जागा.

मी काय केलं असेल? एक घरटं अंड्यांसकट टोपीत उचललं आणि त्याच्या वाडीत नेऊन ठेवलं. खालची घरटी दाखवलीच नाहीत. मंडळींनी याचेच फोटो काढले. गावानं ठरवलं—वरचं टोक पाखरांना, दामूनं खाली सरकावं. टोपीतून आलेल्या अंड्यांवर चंडोल परत बसलाच नाही. ती उन्हात वाळली.

इथवर थट्टा म्हणाल कदाचित. पण पुढचं?

कुदळ खांद्यावर घेऊन दामू मुद्दाम माझ्या दारात आला. “भाऊ, खाली अंडी-बिंडी न्हाईत ना? तुला कळतंय आता त्यातलं.”

किती सोपं होतं ‘थांब’ म्हणणं! मी म्हणालो, “बिलकुल न्हाई. खोद बिनधास्त.”

त्यानं खोदलं. आळ्यांत शेणखत भरताना हाताला कवचं लागली, चिकट, ताजी. त्या साली त्यानं टरबूज लावलं नाही, नंतरही नाही. पुढच्या उन्हाळ्यात बेटावरून एकही चंडोल वर चढला नाही.

परवा दामू पुलाजवळ भेटला. वाळलाय. म्हणाला, “माझ्या हातानं वंश बुडाला रे त्यांचा.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “हां,” म्हणालो, “बुडाला खरा.”

त्याचा चेहरा पडला—आणि मला बरं वाटलं. अजून वाटतंय.