थोपवून धरलेला जन्म

हल्ली कुणी म्हणालं, ‘पूर्वी बाळंतपणं कशी घरच्या घरी सुखरूप होत,’ की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. माझं पहिलं बाळंतपण घरच्या घरीच झालं, नागावला, नारळी-पोफळीच्या वाडीतल्या आमच्या घरात, तीस साल उजाडायच्या थोडं आधी. माहेरी आई नव्हती, म्हणून सासरीच. मी सुखरूप राहिले. मुलाचं तसं म्हणता येणार नाही.

मामंजींना पंचांगाचा अभ्यास होता. आसपासच्या गावांतले लोक मुहूर्त विचारायला येत आणि ते कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेत नसत. माणूस लोभी नव्हता. लोभी असते तर बरं झालं असतं, काही देऊन गप्प तरी बसवता आलं असतं.

त्या दिवशी सकाळपासून मला कळा येत होत्या आणि नक्षत्र होतं मूळ. मुळावर जन्मलेलं पोर बापाला भोवतं, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. दुपार कलली तेव्हा सुईण म्हणाली, डोकं दिसायला लागलं. सासूबाईंनी ओटीवर तसा निरोप दिला. ओटीवरून उलट निरोप आला, दिवेलागणीला मूळ संपतं, तोवर थोपवून धरा.

थोपवून धरा! जसं काही वाडीच्या पाटाचं पाणीच. माझे पाय जुळवले, कळ आली तरी जोर लावायचा नाही असा दम दिला, आणि सुईणीने हाताने डोकं अडवून धरलं. तिला कळत नव्हतं असं नाही. “बाय, पोराचा जीव गुदमरंल,” असं ती एकदा पुटपुटली. पण पुढची बाळंतपणंही याच घरांतली करायची होती, तेव्हा हात काही तिने काढला नाही. तिचाही मला राग आहे. मी ओरडले कशी नाही, असं कुणी विचारील. माझ्या तोंडात पदराचा बोळा होता, ओटीवरच्या पुरुषांना ऐकू जाऊ नये म्हणून.

दिवे लागले आणि मुलगा झाला. काळानिळा, लुळा, न रडणारा. सुईणीने त्याला उलटा धरला, पाठ चोळली, पाणी शिंपडलं, थाळी वाजवली. बऱ्याच वेळाने मांजराच्या पिलासारखा आवाज आला. तोवर बाहेर साखर वाटून झाली होती. मामंजींनी पत्रिका मांडली. तिच्यात राजयोग निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा डावा हात एका ठेक्यात झटके देऊ लागला. दाबून धरला तरी थांबेना. डोळे एका अंगाला लागायचे, ओठ दूध ओढल्यासारखे हलायचे. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, सटवाई खेळवतेय त्याला. लहान मूल झोपेत हसलं की आपल्याकडे म्हणतातच तसं. पण हे मूल हसत नव्हतं आणि झोपलेलंही नव्हतं. त्याचे ओठ काळे पडले, श्वास अडकला, तेव्हा कुठे घरात ‘आकडी’ हा शब्द आला. मग कांदा हुंगवला, अंगारा लावला, आणि बिब्ब्याने त्याच्या एवढ्याशा पोटावर डाग दिले. ते वण त्याच्याबरोबरच वाढले.

आकड्या पुढे कमी झाल्या, गेल्या नाहीत. मान धरायच्या वयात त्याने मान धरली नाही. बसायच्या वयात मांडीवरून घसरायचा. मुठी आवळलेल्या, पाय एकमेकांवर घट्ट चढलेले, पेजेच्या घोटालाही ठसका. माझा आवाज मात्र ओळखायचा आणि तोंडभर हसायचा.

दोष कुणाचा? माझा, आणखी कुणाचा असणार! पोटुशी असताना ग्रहणात मी अडकित्ता हातात घेतला असेल म्हणे. पोफळीच्या वाडीतल्या सुनेला सुपारी न कातरण्याचा दिवस कधी मिळतो? आणि त्या महिन्यांत ग्रहण झालं होतं तरी का, हे घरात एवढी पंचांगं असून कुणी उघडून पाहिलं नाही.

मुलगा दोन वर्षांचा झाला तेव्हा हे आम्हाला रेवसहून बोटीने मुंबईला घेऊन गेले. डॉक्टर म्हातारे होते, मुलांच्या आजारांतले जाणकार. त्यांनी मुलाचे पाय हलवून पाहिले, डोक्याचा घेर मोजला आणि विचारलं, जन्मल्यावर हा लगेच रडला का? हे म्हणाले, हो, सगळं व्यवस्थित झालं.

नवऱ्याच्या बोलण्यात मी तोवर कधी तोंड घातलं नव्हतं. त्या दिवशी घातलं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत काय झालं ते सगळं सांगितलं. डॉक्टरांनी यांच्याकडे एकदा पाहिलं. मग मला म्हणाले, “बाई, श्वास कोंडल्यामुळे याच्या मेंदूला इजा झाली. ती आता भरून येणार नाही, औषधाने आकड्या तेवढ्या आवरतील. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.”

ते शेवटचं वाक्य मी घरी घेऊन जाणार होते. पण बोटीतच हे म्हणाले, घरी हे काढू नकोस, वडिलांना लागेल. वडिलांना लागेल! मला दोन वर्षं काय लागत होतं, ते यांनी कधी विचारलं नाही. घरी यांनी एवढंच सांगितलं की औषध दिलंय.

मला पुन्हा दिवस गेले. नऊ महिने मला एकच धास्ती होती, या पोरालाही अडवतील. आणि कळा सुरू झाल्या त्या नेमक्या अमावास्येच्या सकाळी. ओटीवरून निरोप आला, दुपारी प्रतिपदा लागते, तोवर धीर धरा.

मी उठून बसले आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणाले, “मामंजींना सांगा, एक राजयोग मी रोज कडेवर घेऊन हिंडते. दुसरा मला नको.”

सुईण गारठली. सासूबाई उठल्या, खोलीचं दार लावून त्यांनी आतून कडी घातली आणि माझ्या पाठीशी येऊन बसल्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भर अमावास्येला मुलगी झाली आणि बाहेर पडल्या पडल्या तिने घर डोक्यावर घेतलं.

मग तिची शांत. ती होईपर्यंत बापाने तिचं तोंड पाहायचं नव्हतं, आणि यांनी पाहिलं नाही. ब्राह्मण आले, होम झाला. तिला सुपात घालून गाईच्या तोंडाशी नेलं, नंतर यांनी तेलाच्या वाटीत पडलेलं तिचं मुख पाहिलं. धडधाकट, हातपाय झाडणाऱ्या पोरीचा दोष काढायला घर दिवसभर राबत होतं. मधेच मुलाला आकडी आली. कुणीतरी म्हणालं, त्याला आत न्या, शुभकार्यात बरं दिसत नाही. मी नेलं नाही. तिथेच मांडीवर घेऊन बसले.

सगळं आटोपल्यावर मी मामंजींना विचारलं, याची शांत कधी करायची?

त्यांना खरोखरच नवल वाटलं. “त्याला कशाला शांत? त्याचा जन्म शुद्ध वेळेचा आहे.”

सासऱ्यावर हात उचलावा असं मला आयुष्यात त्या एकाच वेळी वाटलं. मांडीवर मुलगा होता, म्हणून राहिलं.